उडद्या भुंगेऱ्यांची जात ओळखायची कशी? सुरुवात मागच्या पायापासून

मुळ्याच्या पानांची चाळण झाली, वांग्याच्या तरूवर बारीक भोकं पडली, उसाआधी हिरवळीसाठी पेरलेला ताग गुडघाभर व्हायच्या आत कुरतडलेला दिसला, की कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळपासून शाहूवाडीपर्यंत निदान एकच: "उडद्या पडलाय." पुढचा प्रश्न थेट दुकानात विचारला जातो, "कुठलं औषध मारू?" मधला प्रश्न राहूनच जातो. कुठला उडद्या?

तो विचारायला हवा, कारण मुळ्यावरचा उडद्या वांग्यावर मुक्काम हलवत नाही. भातातला चकचकीत निळा उडद्या बहुतेक वेळा भात खातच नाही, तो तणावर जगतो. आणि द्राक्षबागेत ज्याला सगळे उडद्या म्हणतात, तो या गटातलाच नाही. ओळख चुकली की फवारणी फुकट, शिवाय फेरपालटीचं गणितही चुकतं.

उडद्या भुंगेरे म्हणजे पानभुंगेऱ्यांच्या क्रायसोमेलिडी कुळातला अल्टिसिनी हा गट. जगभरात त्यांच्या 8,000 हून जास्त जाती नोंदल्या आहेत. आपल्या शेतात भेटणारे बहुतेक दीड ते पाच मिलिमीटरचे. एवढ्याशा किड्याचं आधी काय दिसतं? रंग. आणि रंगच सगळ्यात जास्त फसवतो. एकाच जातीत निळे, हिरवे आणि कांस्य झाक असलेले किडे सापडतात. कोषातून नुकताच बाहेर आलेला भुंगेरा फिकट, मऊ असतो, त्याचा पक्का रंग चढायला वेळ लागतो. उलट चार वेगवेगळ्या गणांतले (गण म्हणजे जवळच्या जातींचा गट) भुंगेरे शेजारी ठेवले तर चारही काळे-निळेच दिसतात. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: मागचा पाय, मग मिशा, मग पाठ, आणि रंग सगळ्यात शेवटी.

आधी किडा धड हातात यायला हवा

सकाळी ऊन चढायच्या आत शेतात जा. थंडाव्यात हे भुंगेरे सुस्त असतात. तुमची सावली पानावर पडली की ते उडालेच म्हणून समजा. तेव्हा सूर्याकडे तोंड करून पुढे सरका, म्हणजे सावली मागे पडते. भेंडी, अंबाडी, वांगं अशा उभ्या झाडांसाठी छत्री पुरते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती हातात असतेच. छत्री उलटी धरून आत पांढरं फडकं पसरा, फांदी त्यावर वाकवा आणि काठीने एक-दोन टोले द्या. मुळा, मोहरी, कोबीची रोपं अशा बुटक्या पिकात पांढरा ट्रे पानाखाली सरकवून पान झटका.

ट्रेवर पडलेला किडा बोटाने धरायला जाऊ नका. एकतर तो उडी मारेल, नाहीतर त्याचा पाय मोडेल. ओढायची बाटली घरीच होते. छोट्या पारदर्शक बाटलीच्या बुचाला दोन भोकं पाडून दोन नळ्या बसवायच्या. एक नळी किड्यावर धरायची, दुसरी तोंडात. तोंडातल्या नळीच्या आतल्या टोकाला मलमलचा तुकडा घट्ट बांधा. तो विसरलात तर किडा कुठे जाईल हे सांगायला नको. औषध मारलेल्या प्लॉटमध्ये मात्र तोंडाने अजिबात ओढू नका, तिथे मऊ ओला ब्रश वापरा. पिवळे चिकट सापळे प्रादुर्भाव मोजायला चांगले, ओळखीला वाईट. किड्याचे पाय डिंकात रुततात आणि आपल्याला नेमके पायच हवे असतात.

किडा जिवंत असतानाच फोटो काढून ठेवा, कारण पिवळे-तांबूस रंग पुढे फिके पडतात. मग डबी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा (घरच्यांना सांगून), किंवा किडा थेट 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाका. डीएनए तपासणीचा विचार असेल तर 95 टक्क्यांच्या वरचं इथेनॉल लागतं.

चिठ्ठी तिथल्या तिथे लिहा, आणि पेन्सिलने. अल्कोहोलमध्ये पेनाची शाई उतरते. गाव, तालुका, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि झाड. झाडाच्या बाबतीत एक भेद कटाक्षाने पाळा: किडा त्या झाडावर "बसलेला" होता की "खाताना" दिसला? बांधावरच्या तणातून उडून उसाच्या पानावर टेकलेला भुंगेरा उसाची कीड होत नाही. शंका असेल तर दोन-चार किडे त्याच झाडाच्या ताज्या पानासकट डबीत ठेवा. दुसऱ्या दिवशी पानाला भोकं पडली का ते पाहा.

राधानगरी अभयारण्यात किंवा कुठल्याही राखीव जंगलात परवानगीशिवाय किडे गोळा करू नका. शेत आणि बांध यांतच वर्षभराचं काम आहे.

हा खरंच उडद्या आहे का?

उडी मारली एवढ्यावर जाऊ नका. तुडतुडेही उडी मारतात, पण त्यांच्या पाठीवर कडक कवच नसतं आणि त्यांचे पंख छपरासारखे उतरते असतात. भुंगेऱ्याचे वरचे दोन कडक पंख पाठीच्या मधोमध सरळ रेषेत जुळतात. आंब्याच्या कोवळ्या पालवीवर उडी मारणारा एक बारका भुंगेराही असतो, पण त्याच्या तोंडाला लांब सोंड दिसेल. तो सोंड्यांतला. मूग-मटकीच्या डब्यातल्या भुंगेऱ्याच्याही मागच्या मांड्या जाड असतात, मात्र त्याचं शेपटाकडचं टोक पंखांखाली झाकलं जात नाही.

खऱ्या उडद्याची खूण म्हणजे फुगलेली मागची मांडी. पुढच्या आणि मधल्या पायांच्या मांड्यांशी ती ताडून पाहा. फरक इतका असतो की दहा पट भिंगातूनही चुकायचं काम नाही. त्या मांडीत आकड्यासारखी वळलेली एक कडक स्प्रिंग असते. स्नायू तिच्यावर ताण साठवतात आणि एकदम सोडतात. तिला मौलिकचं इंद्रिय म्हणतात. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेत 1926 साली या गटाचा खंड लिहिणाऱ्या समरेंद्र मौलिक यांच्यावरून हे नाव पडलं. फिकट रंगाचा उडद्या पाण्याच्या थेंबात ठेवून खालून उजेड सोडला तर मांडीच्या आत ती गडद आकडी कधीकधी आरपार दिसते. एकदा दिसली की पुन्हा विसरत नाही.

आता हमखास होणाऱ्या गोंधळांकडे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षबागांत छाटणीनंतर फुगलेले डोळे पोखरणारा जो "उडद्या" आहे, तो स्केलोडोंटा स्ट्रिगिकॉलिस. साडेचार मिलिमीटरच्या आसपास, कांस्य झाकेचा, पंखांवर सहा गडद डाग. वेल हलवली की तो मेल्याचं सोंग घेऊन खाली पडतो. तो पानभुंगेऱ्यांच्याच कुळातला, पण युमॉल्पिनी या वेगळ्या उपकुळातला. त्याची मांडी उडीसाठी फुगलेली नसते. आणखी पक्की खूण मिशांच्या मुळाशी आहे: त्याच्या दोन मिशा चेहऱ्यावर एकमेकींपासून लांब उगवतात, खऱ्या उडद्याच्या डोळ्यांच्या मध्ये, अगदी जवळजवळ. बागायतदार त्याला उडद्या म्हणणारच, म्हणू दे. पण भाजीपाल्यावरच्या उडद्याचं जीवनचक्र वाचून त्यावरून द्राक्षाचा उपाय ठरवू नका.

सोयाबीन-मक्यावर दिसणारा पांढुरक्या ठिपक्यांचा मोनोलेप्टा सिग्नाटा आणि काकडीवर्गातला तांबडा भुंगेरा, ऑलाकोफोरा फोव्हिकॉलिस, हे उडद्यांचे जवळचे चुलत. मिशा तशाच जवळजवळ, पण मागच्या मांड्या सडपातळ.

भिंगाखाली मागचा पाय

दहा पट भिंग सुरुवातीला पुरतं. पुढे वीस पट तरी हवं, आणि कॉलेजचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक मिळाला तर सोन्याहून पिवळं. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि किडा भिंगाजवळ आणायचा. पुष्कळजण भिंग किड्यावर धरून लांबून पाहतात, आणि मग काही दिसत नाही म्हणतात. अल्कोहोलमधला किडा आधी टिपकागदावर सुकवा. ओल्या पाठीवरची चमक सगळे बारकावे गिळते. लांबीसाठी खाली एक मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद ठेवा. डोक्यापासून पंखांच्या टोकापर्यंत मोजा, मिशा धरायच्या नाहीत.

किडा आडवा करून मागचा पाय बाहेर ओढा: जाड मांडी, तिला जोडलेली नडगी, नडगीच्या टोकाला पाऊल. पावलाचे पेर चार दिसतात. खरं तर ते पाच असतात, चौथा इवलासा आणि दुभंगलेल्या तिसऱ्यात लपलेला.

पहिलं बघा ते पाऊल नडगीला कुठे जोडलंय. बहुतेक उडद्यांत ते टोकालाच असतं. सिलिओडीस गणात मात्र ते टोकाच्या बरंच आधी, नडगीच्या वरच्या अंगाला फुटतं, आणि नडगीचं टोक पावलाच्या पुढे फावड्यासारखं निघालेलं राहतं. हे दिसलं की गण जवळजवळ ठरला. खात्रीला मिशा मोजा. उडद्यांच्या मिशीला साधारण अकरा पेर असतात, सिलिओडीसला दहा. मोजणी चेहऱ्याकडून सुरू करा आणि दोन्ही मिशा मोजा. धड मिशीचा शेवटचा पेर टोकाकडे निमुळता होतो. टोक सपाट, छाटल्यासारखं दिसलं तर मिशी तुटलेली आहे, त्या मोजणीला अर्थ नाही.

दुसरं, पावलाच्या पहिल्या पेराची लांबी. तो एकटाच नडगीच्या निम्म्याइतका किंवा त्याहून लांब असेल, तर तुमच्या हातात लॉंजिटार्सस आहे. यातल्या पुष्कळ जाती फिकट पिवळट ते तपकिरी, एकसारख्या दिसणाऱ्या. रंगावरून काही निघत नाही, पण हा लांबुडका पेर साध्या भिंगातूनही ओळखू येतो.

तिसरं, नडगीची बाहेरची कड. मधल्या आणि मागच्या नडगीवर, टोकाच्या थोडं अलीकडे एक खाच असेल, तिच्या वरच्या तोंडाशी दातासारखा कोपरा आणि खाचेत राठ केसांची झालर, तर तो केटोक्नेमा. कांस्य किंवा काळपट रंगाचे, दीड-दोन मिलिमीटरचे हे भुंगेरे गवतवर्गात जास्त भेटतात. खाच बघायला पाय फिरवून अचूक कोनात आणावा लागतो. एका बाजूने दिसली नाही म्हणून नाही म्हणू नका.

ढाल आणि पंख

पायावर यातलं काही सापडलं नाही तर पाठीकडे वळा. डोकं आणि पंख यांच्या मधला जो आडवा भाग, त्याला इथे ढाल म्हणू.

ढालीच्या मागच्या कडेच्या जरा पुढे, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूकडे जाणारी आडवी पन्हळ असेल, किडा तीन ते पाच मिलिमीटरचा आणि धातूसारखा निळा-हिरवा असेल, तर तो अल्टिका. पन्हळ दिसायला उजेड समोरून नको, बाजूने तिरपा सोडा. मोबाईलची बॅटरी टेबलाच्या पातळीला आडवी धरली की सावलीने पन्हळ उठून दिसते.

आडव्या पन्हळीऐवजी ढालीच्या कडेवर छोट्या उभ्या रेघा, म्हणजे आत दाबलेल्या चिरा दिसल्या, तर भेंडी-अंबाडी-जास्वंदीवरच्या मंडळींचा विचार करा. पुढच्या आणि मागच्या दोन्ही कडांना चिरा असतील तर निसोट्रा, फक्त मागच्या कडेला असतील तर पोडाग्रिका.

ढाल साधी, मिशांना अकरा पेर, पावलाचा पहिला पेर बेताचा, पंखांवरचे बारीक खळगे विस्कटलेले, आणि किडा मुळा-मोहरी-कोबीवर खाताना पकडलेला: फायलोट्रेटा. खळग्यांची मांडणी नेहमी टिपून ठेवा. केटोक्नेमा आणि सिलिओडीसमध्ये ते पंखभर सरळ ओळींत असतात, फायलोट्रेटा आणि लॉंजिटार्ससमध्ये साधारण विखुरलेले. पंखांवर केस आहेत की पाठ गुळगुळीत, हेही लिहा. हेस्पेरासारख्या काही गणांत पंखांवर दाट लव असते.

रंगाचा नंबर आता लागतो. काळ्या पंखांवर दोन पिवळे, नागमोडी, मध्ये आत दबलेले पट्टे आणि लांबी दोन-अडीच मिलिमीटर: फायलोट्रेटा स्ट्रिओलाटा. पट्टा नाही, सगळा काळा आणि निळी-हिरवी झाक: फायलोट्रेटा क्रुसिफेरी असण्याची शक्यता. "शक्यता" मुद्दाम म्हणतो, कारण पट्टेवाल्या आणि बिनपट्ट्याच्या इतरही जाती आपल्याकडे आहेत. पट्ट्याची रुंदी आणि बाहेरच्या कडेची खोबण यांचा फोटो काढून ठेवला तर पुढे तुलना करता येते. या गणातल्या काही जातींत नराच्या मिशीचा मधला एखादा पेर ठळक फुगलेला असतो. एकाच प्लॉटमधल्या निम्म्या किड्यांच्या मिशा जाड आणि निम्म्यांच्या बारीक दिसल्या तर दोन जाती धरू नका, ते नर-मादी असू शकतात.

पीक साक्ष देतं, निकाल नाही

जिल्ह्यात फिरताना कुठे काय शोधायचं याचा अंदाज पिकावरून बांधता येतो. हिवाळ्यातल्या मुळा-कोबीवर फायलोट्रेटा. तिच्या अळ्या मातीत मुळांवर असतात, म्हणून पानं उलटून अळी शोधण्यात अर्थ नाही. नदीकाठच्या वांग्यांवर सिलिओडीस तपासा. पन्हाळा, आजरा, चंदगडकडच्या नाचणीवर आणि पूर्वेकडच्या ज्वारीवर केटोक्नेमा.

तागावर लॉंजिटार्सस बेलगामेन्सिस. शेजारच्या बेळगावचं नाव मिरवणारी ही जात तागाची नोंदलेली कीड आहे. प्रौढ पानं छिद्रित करतात, अळ्या मुळांवर जगतात. आपल्याकडे ताग फुलायच्या आत गाडायचा असल्याने शेतकरी तिच्याकडे फारसं बघत नाही, आणि ओळख शिकणाऱ्याला तेच बरं: फवारणी न झालेलं पीक, भरपूर किडे, आणि पावलाचा लांब पेर तपासायला उत्तम सराव.

भातखाचरातली गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. पाणी साचलेल्या खाचरात, बांधाच्या कडेला लाल देठाची, पिवळ्या फुलांची लुडविजिया ही तणं वाढतात. त्यांवर चकचकीत निळ्या भुंगेऱ्यांचे थवे बसलेले दिसतात. पानांचा जाळीदार सांगाडा उरलेला, त्यावर काळपट अळ्या उघड्यावर चरताना. हा अल्टिका सायनिया. अळी मातीत न लपता पानावर दिसते, हीच अल्टिकाची आणखी एक खूण. यातले दोन-चार प्रौढ उडून भाताच्या पातीवर बसतात, कुणीतरी फोटो गावच्या ग्रुपवर टाकतं, आणि संध्याकाळी पंप बाहेर निघतो. अशा वेळी भाताची पात नीट बघा. खाल्ल्याची खूण नसेल तर तो पाहुणा आहे, आणि तुमचं तण फुकटात खातोय.

पिकांच्या छापील याद्यांवरही डोळे झाकून विसंबू नका. मिरीचे दाणे पोकळ करणारा "पोल्लू" भुंगेरा वर्षानुवर्षं लॉंजिटार्सस नायग्रिपेनिस या नावाने पुस्तकांत होता. के. डी. प्रथापन आणि सी. ए. विरक्तमठ यांनी नमुने तपासून तो वेगळ्याच गणातला ठरवला, आणि आज त्याचं नाव लंका रामकृष्णाई आहे. आजरा-चंदगडकडे सुपारीवर मिरीचे वेल चढवले असतील तर जुन्या पुस्तकातलं नाव शोधू नका.

जातीपर्यंत जायचं असेल तर

वर सांगितलेल्या खुणांनी तुम्ही गणापर्यंत विश्वासाने पोहोचता, आणि शेतातल्या निर्णयाला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. जात ठरवणं वेगळं काम आहे. अल्टिकासारख्या गणात दोन जाती बाहेरून इतक्या सारख्या असतात की नराचं जननांग बाहेर काढल्याशिवाय तज्ज्ञही नाव देत नाहीत. फोटो पाठवून जात विचारली आणि लगेच पूर्ण नाव मिळालं, तर त्या उत्तराकडे जरा संशयाने बघा.

हे काम करून बघायचं असेल तर सुकलेला किडा काही मिनिटं गरम पाण्यात ठेवून मऊ करा. टोक वाकवलेल्या बारीक टाचणीने पोटाच्या मागच्या तोंडातून आतली कडक, नळीसारखी रचना हळूच ओढून घ्या. उरलेला मांसल भाग 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळतो. हे द्रावण त्वचा भाजतं, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवाच. या नळीचं चित्र खालून आणि बाजूने, दोन्हीकडून काढून ठेवायचं, कारण टोकाचा आकार आणि बाजूची वळी यांवरच जाती वेगळ्या होतात. मादी असेल तर शुक्रकोशाचा, म्हणजे नराचे शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीचा, आकार बघतात. किडा टाचणीवर लावलेल्या त्रिकोणी कार्डाच्या टोकाला उजव्या कुशीवर, थेंबभर डिंकाने चिकटवा, म्हणजे खालची बाजू आणि पाय मोकळे राहतात. काढलेलं अंग त्याच टाचणीवर छोट्या कार्डावर लावा. वेगळ्या डबीत ठेवलं की ते हरवलंच.

शिवाजी विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग, कोल्हापूरचं कृषी महाविद्यालय, तळसंदे आणि कणेरीची कृषी विज्ञान केंद्रं इथे आधी विचारा. सूक्ष्मदर्शकाखाली गण तरी पक्का करून घेता येईल. पुढे नमुने बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे पाठवता येतात, पण आधी पत्र लिहून विचारा. एकच किडा पाठवू नका. तो मादी निघाला किंवा त्याचा पाय तुटला तर सगळी खटपट वाया. एकाच झाडावरचे, एकाच दिवशीचे दहा-बारा किडे एका डबीत ठेवा, वेगळ्या झाडावरचे वेगळ्या डबीत. टपालाने अल्कोहोल पाठवता येत नाही, म्हणून किडे सुकवून टिश्यू पेपरच्या थरांमध्ये ठेवा. कापूस नको. त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात आणि सोडवताना नेमका मागचा पाय तुटतो.